दहा दिवस हात न लावलेलं

प्रदीप, तुझ्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. तू असतास तर आधी खो खो हसला असतास आणि मग हिसकावून घेतली असतीस. इतकी वर्षं एकाच लॅबमध्ये काम केलं, पण त्या सर्व्हरच्या खोलीचा उंबरा तू मला कधी धड ओलांडू दिला नाहीस. चपला बाहेर काढ, चहा बाहेर ठेव, ओढणी सांभाळ, वायरीत अडकेल. आणि एवढं सगळं करून आत पाऊल टाकलं की, "सुजे, तुला काय हवंय ते बोल, मी काढून देतो. तू हात नको लावू." तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "त्याची कटकट तुमच्याइतकी कोणी ऐकलेली नाही, तेव्हा तुम्हीच सांभाळा." मला रडू आलं आणि रागही आला. किल्ली मिळावी म्हणून मी तुझ्याशी भांडत होते, ती अशी मिळावी म्हणून नाही.

खोलीत तुझा स्वेटर खुर्चीवर तसाच आहे. बामचा वास येतो. सर्व्हरवर तू चिकटवलेला छोटा गणपती आहे आणि त्याच्या बाजूला आता तुझा फोटो, हार घातलेला. ऑफिसच्या लोकांनी खाली कागद लावलाय, "प्रदीपदादा, तुमच्याशिवाय काही चालत नाही." लावणाऱ्यांनी प्रेमानं लावलाय. मी तो कागद रोज बघते आणि रोज तो काढून टाकावासा वाटतो. का, ते तुला सांगायला बसलेय. दुसऱ्या कोणाला सांगून ते नीट कळणार नाही, आणि तुला कळल्यावाचून राहणार नाही.

आपलं भांडण आठवतं ना? भांडण एकच होतं, आपण ते हप्त्याहप्त्यानं चालवलं. त्याचं नाव झाडू.

एकदा सर्व्हरची डिस्क गच्च भरली होती आणि दुपारभर परळपासून माहीमपर्यंतच्या पेशंटांचे रिपोर्ट अडकून पडले होते, तेव्हा तू तो झाडू बसवलास. तात्पुरत्या फाइलींच्या कप्प्यात ज्या फाइलला तारखेच्या हिशेबानं दहा दिवस कोणी हात लावला नाही, ती पहाटे आपोआप पुसली जायची. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. डिस्क पुन्हा कधी भरली नाही हे खरं आहे. तू खूश होतास. "दहा दिवस हात नाही लावला म्हणजे कचरा," हे तू इतक्या वेळा म्हणालास की लॅबमधल्या मावशीसुद्धा फ्रीजमधला जुना डबा फेकताना तेच म्हणायच्या.

मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. मी तुला आमच्या घरातली ट्रंक सांगितली होती. नायगावच्या बीडीडी चाळीतून निघालो तेव्हा आईनं भांडी सोडली, पण ती ट्रंक स्वतः उचलून आणली. तिच्यात तिची पांढरी साडी आहे, ती वर्षातून दोनदा बाहेर निघते, चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला. बाकी वर्षभर तिला कोणी हात लावत नाही. "तो कचरा का रे?" असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "टेम्पमध्ये ठेवलीस तर कचरा. तात्पुरत्या जागेत कायमचं सामान ठेवायचंच नाही." मी म्हटलं, "अरे, मुंबईत तात्पुरतं असतं काय? संक्रमण शिबिरात लोकांची लग्नं लागली, नातवंडं झाली." तू हसून हात जोडलेस. "तुमच्याशी कोण बोलणार बाई. तुम्ही संविधानवाली माणसं." मी तुला फाइल फेकून मारली होती. कागदाची.

भांडणाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे शनिवारची आंघोळ. दर शनिवारी दुपारी निघायच्या आधी तू सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचास आणि मग मारुतीला तेल वाहून घरी जायचास. "सर्व्हरला आंघोळ घातली, आता आठवडाभर बघायला नको." शनिवारी सुट्टी असली तर रविवारी यायचास. ताप असला तरी यायचास. मी म्हणायचे, "ज्याला आंघोळ घातल्याशिवाय उठताच येत नाही, तो माणूस आजारी असतो प्रदीप. दुखणं शोध." तू म्हणायचास, "चालतंय ना? मग?" खरंच सगळं चालत होतं.

फक्त गणपतीनंतर चालायचं नाही.

वर्षाला एकदा तू गावाला जायचास. अर्धी लॅबच जायची म्हणा. आपल्याकडे कोकणातली माणसं जास्त, चतुर्थीच्या आधी रजेच्या अर्जांची रीघ लागायची. मागे आम्ही थोडी माणसं उरायचो. अनंत चतुर्दशी आटोपून तू परत यायचास, हातात खाज्याचा पुडा, आणि दारातच कोणीतरी तक्रार घेऊन उभं. वॉर्डात मेसेज जात नाहीत. तू चपला काढायचास, आत जायचास, आंघोळ घालायचास, आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. बाहेर येऊन माझ्याकडे बघून भुवया उडवायचास. "बघ. मी नसलो की चालत नाही." आम्ही टाळ्या वाजवायचो रे. मी पण वाजवल्यात.

हे मेसेज कसले, ते लॅबबाहेरच्या माणसाला सहज कळायचं नाही. रक्ताच्या तपासणीत जिवाला धोका असलेला आकडा निघाला, तर तो रिपोर्ट टाइप होऊन सही होईपर्यंत थांबत नाही. यंत्रातून आकडा निघाल्याबरोबर डॉक्टरला आणि घरच्यांना मेसेज जातो. पूर्वी आम्ही फोन करायचो. तुझे मेसेज सुरू झाले आणि फोनची सवय मोडली. मेसेज आला की धावायचं. नाही आला, म्हणजे सगळं ठीक. डॉक्टर, सिस्टर, पेशंट, सगळ्यांनी हे मनात पक्कं धरलं होतं.

तू रविवारी गेलास. आदल्या दिवशी आंघोळ घालूनच गेला होतास. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, त्या रविवारचं काही लिहायचं बळ माझ्यात नाही. सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "प्रदीप गेलाय. सध्या सर्व्हरला कोणी, कशालाही, हात लावायचा नाही." मला ते पटलं. तुझं सगळं होतं तसं राहील, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. पुढचा शनिवार आला, गेला. मी खोलीत जाऊन उभी राहिले, स्वेटरवर हात ठेवला आणि बाहेर येऊन कुलूप लावलं. सर्व्हर छान चालत होता. वाटलं, बघ, चालतंय तुझ्याशिवायही. जरा वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा जिंकल्यासारखंही वाटलं.

मंगळवारी तुझं दहावं होतं. तुझा मुलगा आणि घरचे पुरुष सकाळीच बाणगंगेला गेले. आमच्यात हे नसतं, तुला माहीत आहे, पण घरी जाऊन बसायला धर्म लागत नाही. मी रजा टाकून लालबागला गेले. सुतकात घरात चूल नीट पेटत नव्हती, शेजारपाजारचे डबे येत होते. आणि येणारा प्रत्येक जण काकींसाठी, तुझ्या आईसाठी, शहाळं आणत होता. म्हातारी काही खात नाही, निदान शहाळ्याचं पाणी तरी पोटात जाऊ दे, असं म्हणून. गॅलरीत फोडलेल्या शहाळ्यांचा ढीग पडला होता.

तुझी आई किडनीची पेशंट आहे आणि तिला शहाळ्याचं पाणी चालत नाही, त्यातलं पोटॅशियम रक्तात साठून हृदय बंद पडू शकतं, हे घरात फक्त तुला ठाऊक होतं. तूच तिची पथ्यं सांभाळायचास. वहिनींना सगळं सांगून ठेवलंस, हे एवढं राहिलं. आणि तो ढीग बघूनही मला लगेच सुचलं नाही. कोण कशाला सांगेल म्हणा, तू काय जाणार होतास?

मी काकींच्या कॉटजवळ बसले. त्या भिंतीकडे बघत होत्या. "हातापायात जीव नाय गो," एवढंच म्हणाल्या. पोराचं दहावं असलेल्या आईच्या हातापायात कुठून जीव असणार? मी त्यांचा हात चोळत राहिले. वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "काकींचं महिन्याचं ब्लड दिलं का?"

"हो, सकाळीच आपल्या लॅबचा माणूस येऊन घेऊन गेला."

"रिपोर्ट?"

"मेसेज नाही आला ताई. म्हणजे नॉर्मलच असणार. हे नेहमी सांगायचे ना, मेसेज नाही आला तर घाबरायचं नाही."

मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं. चहाचा घोट घेतला. मग वेळ बघायला फोन काढला आणि तसाच धरून राहिले. प्रत्येक मेसेजची एक प्रत माझ्याही फोनवर येते, तूच ती सोय करून दिली होतीस आणि दिवसभर तो फोन वाजतो म्हणून मी तुला शिव्या द्यायचे. त्या दिवशी दुपार होत आली होती आणि माझा फोन सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. परळ भागातल्या एकाही माणसाचं त्या सकाळी काही बिघडलेलं नव्हतं? खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता.

मी गॅलरीत जाऊन लॅबमधल्या मुलीला फोन लावला. "काकींचं पोटॅशियम बघ जरा." पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग तिनं आकडा वाचला. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. "अगं, इतकं आहे तर मेसेज गेला असेलच की," ती म्हणाली.

"नाही गेला. कोणाचाच गेलेला नाही. आज सकाळपासूनचे सगळे आकडे काढ आणि एकेकाला हातानं फोन कर. आत्ता."

घरात पुरुष माणूस नव्हता. तिसऱ्या मजल्यावरून तुझ्या आईला आम्ही बायकांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. पुढे मी आणि वहिनी, मागे शेजारच्या दोघी. जिन्यात पायाखाली अंधार आणि काकींची मान एका बाजूला कललेली. वहिनी एका पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, दहा दिवसांत दोनदा मी हा जिना उतरणार नाही." मी त्यांच्यावर ओरडले. "उतरा!" आयुष्यात पहिल्यांदा ओरडले त्यांच्यावर. टॅक्सीवाल्यानं सिग्नल तोडले. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं पट्टी लावून हृदयाचा आलेख काढला आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. नंतर तो म्हणाला की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर आणायचं कारण उरलं नसतं. तुझा मुलगा बाणगंगेवरून थेट तिथे आला, नुकतं मुंडण केलेला, अंगावर ओला पंचा. मला बघून त्यानं एवढंच विचारलं, "आजी पण?" मी त्याला जवळ घेतलं. आजी वाचली होती, पण तेव्हा ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

तिथून मी तुझ्या खोलीत गेले. चपला बाहेर काढल्या. आत सगळे दिवे हिरवे होते. कुठे तक्रार नाही, कुठे लाल अक्षर नाही. रिपोर्टचा प्रोग्राम चालू, मेसेजचा प्रोग्राम चालू, झाडू चालू. मी एकेक करत शोधत गेले, तू शिकवलं नाहीस तरी तुझ्या पाठीमागे उभं राहून जेवढं शिकले होते तेवढ्यावर.

सापडलं ते इतकं लहान होतं. रिपोर्टचा प्रोग्राम चालू होताना तात्पुरत्या कप्प्यात एक छोटी फाइल टाकतो. मी जागा आहे, एवढीच तिची खूण. मेसेजचा प्रोग्राम प्रत्येक वेळी ती खूण आहे का बघतो. असली तर मेसेज सोडतो. नसली तर त्याला वाटतं लॅब बंद आहे, आणि तो गुपचूप बसतो. ती फाइल एकदा टाकली की पुन्हा तिला कोणी हात लावत नाही. नुसतं आहे का नाही एवढं बघणं, हे झाडूच्या लेखी हात लावणं नव्हे. दर शनिवारी तू आंघोळ घालायचास, फाइल नवी व्हायची, झाडू कधी तिच्यापर्यंत पोचायचाच नाही. तुझा एक शनिवार चुकला की पुढच्या मंगळवारी पहाटे तो पोचायचा. तुझ्या दहाव्याच्या पहाटे पोचला. त्यानं केलेल्या कामाची एक ओळ होती तिथे, इतर दिवसांसारखीच.

मी तुझ्या खुर्चीत बसले. तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुखणं शोध म्हणून किती सांगितलं तुला! आणि मग कळलं की झाडू काढून टाक म्हणणारी मी आणि आंघोळ थांबव म्हणणारी मी, दोन्ही वेळा मी वेगवेगळं भांडत होते. दोन गोष्टी एकत्र ठेवून मीही कधी पाहिल्या नाहीत. तुझी आंघोळ तुझ्याच झाडूपासून सगळ्यांना वाचवत होती आणि हे तुलाही माहीत नव्हतं. तू नसलास की चालत नाही, हे तू गमतीनं म्हणायचास. ते अक्षरशः खरं होतं रे. फोटो मी पुन्हा सरळ केला.

ती खुणेची फाइल आता मी झाडूच्या वाटेतून काढलीय. तासभर एकही मेसेज गेला नाही तर लॅबमध्ये घंटा वाजते. शनिवारी आंघोळ नाही. तुझ्याशिवाय सर्व्हर दहा दिवस चालला, मग अकरावा, मग बारावा. बाराव्या दिवशीही माझा फोन वाजला, नायगावातल्या कोण्या बाईची साखर खूप खाली गेली होती, आणि मी लॅबमधल्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तुझी गरज संपली, हे मी माझ्या हातानं केलं. तू केलेलं बाकी सगळं इतकं नेटकं आहे, प्रदीप. मला चालवायला मिळतंय, याचं देणं मी कुठे फेडणार?

साहेबांना मी सगळं सांगितलं. मागच्या गणपतीतलेही दिवस सांगितले. ते म्हणाले, "आता दुरुस्त झालं ना? मग जुनं कशाला उकरायचं? बिचारा गेलाय. त्याच्या नावाला कशाला बट्टा?" तुझ्या नावाला बट्टा मलाही नको आहे. मी उठून आले.

काल काकींना घरी सोडलं. त्याआधी वॉर्डात त्यांच्याजवळ बसले होते. त्या मला विचारत होत्या की त्या दिवशी नक्की काय झालं, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येईना. झाडू, आंघोळ, खूण, सगळं सोपं करून सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"तेका ह्यां ठावक होतां?"

"नाही काकी. शेवटपर्यंत नाही."

"बरां झालां." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग डोळे न उघडताच बोलू लागल्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती, हे मला तुझ्याकडून ऐकून माहीत होतं. "माझ्या खानावळीत कोण एक दिस जेवाक नाय इलो, तर मी गप नाय बसी. तेच्या खोलीकडे माणूस धाडी, बघून ये म्हणान. एकदा एक जण तापान पडलेलो गावलो. एकदा एक जण मेलेलोच गावलो."

"हो काकी."

"दर गणपतीत प्रदीप गावाक येय. आमी सगळी थयसर आरती करू. तेवा हयसर मेसेज जाय नाय, असां तू सांगतंस." आता त्यांनी डोळे उघडले. "माझ्याकडे तू इलंस, म्हणान मी वाचलंय. तेंच्याकडे कोण गेलो?"

मी उठायला लागले. त्यांनी माझा हात सोडला नाही.

आज सकाळी, साहेबांना न विचारता, मी मागच्या गणपतीतल्या त्या दिवसांचे रिपोर्ट काढले. धोक्याचे आकडे होते. पहिला पत्ता आमच्याच नायगावचा आहे, पुरुषाचं नाव आहे, वय तुझ्याएवढं. मी फोन करणार होते, मग म्हटलं नको. संध्याकाळी स्वतः जाणार आहे. हे कोणी केलं असं विचारलं तर तुझं नाव सांगेन आणि त्याच्या बाजूला माझं. बेल वाजवल्यावर दार कोण उघडतं, तेवढं बघायचं.